खेकड्याचे नाव कसे ठरते?

खेकडा ओळखण्यात अवघड ते काय, असे कोणालाही वाटेल. आठ पाय, दोन नांग्या आणि तिरकी चाल एवढे दिसले की खेकडा ठरला! परंतु तो कोणता खेकडा, असा पुढचा प्रश्न आला की आपली ही ओळख किती अपुरी आहे ते ध्यानात येते. या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका लहानशा खेकड्याच्या आधाराने करणार आहोत.

ओहोटीच्या वेळी खाडीकाठी खारफुटीजवळचा चिखल उघडा पडतो. तेथे थोडा वेळ न हलता उभे राहिले, तर बिळांतून दोनएक सेंटिमीटर रुंदीचे खेकडे बाहेर येऊ लागतात. त्यांतल्या काहींची एक नांगी जवळजवळ अंगाएवढी मोठी, तर दुसरी अगदी बारीक असते. मोठी नांगी ते सारखी वरखाली हलवतात. इंग्रजांना यात सारंगीसारखे वाद्य वाजवणारा दिसला, म्हणून त्यांनी याला ‘फिडलर’ म्हटले. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली यांच्यातल्या एका जातीला ‘व्होकन्स’, म्हणजे हाक मारणारा, असे नाव दिले.

आता त्याच चिखलात दोन्ही नांग्या बारीक असलेले खेकडेही फिरत असतात. ते निराळ्या जातीचे समजावेत काय? नाही. त्या माद्या होत. बाजारात कुर्ली घेताना तिला उलटी करून पोटावरची झडप पाहतात. ती अरुंद असली तर नर, रुंद आणि गोलसर असली तर मादी. तीच कसोटी येथेही लागू पडते. मग मोठी नांगी एकाची उजवी आणि दुसऱ्याची डावी असेल तर? बहुतेक जातींत दोन्ही प्रकारचे नर साधारण सारख्याच संख्येने आढळतात, म्हणून तेवढ्यावरून जात ठरत नाही. रंगावर तर मुळीच विसंबता येत नाही. तो दिवसाच्या वेळेप्रमाणे पालटतो, आणि खेकडा हाती धरला की पाहता पाहता बदलतो.

निदान ती मोठी नांगी तरी खात्रीची खूण असेल, असे आपण म्हणू. पण तीही फसवते. झुंजीत नांगी तुटली तर तिच्या जागी नवी उगवते. काही जातींत ही नवी नांगी लांबीला पहिलीएवढीच, पण सडपातळ, हलकी आणि जोराने कमी असते. तेव्हा एकाच जातीच्या दोन नरांच्या नांग्या दोन घडणींच्या असू शकतात.

मग अभ्यासक पाहतो तरी काय? तो प्रथम डोळ्यांच्या दोन देठांमधली कपाळाची पट्टी पाहतो. काही गटांत ती अरुंद असते, काहींत रुंद. त्यानंतर कवचाचे पुढचे कोपरे. आणि सर्वांत शेवटी, पोटाच्या झडपेखाली लपलेली, नराची बीज पोचवणारी पायांची पहिली जोडी. तिच्या टोकाची घडण जातीजातींत निराळी असते. मात्र ती पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो.

जात ओळखल्यावर तिला जागा द्यावी लागते. मतदारयादीत आडनाव आधी आणि नाव मागून छापतात, तशीच शास्त्रीय नावाची रीत आहे: आधी प्रजाती, मग जाती. लिनीअसने खेकडे, शेवंडे आणि कोळंब्या या सर्वांना ‘कॅन्सर’ हे एकच आडनाव दिले होते. १८१४ साली लीच याने ‘युका’ ही प्रजाती निराळी काढली. १९७५ साली जोसेलिन क्रेन या अमेरिकन विदुषीने जगभरच्या फिडलर खेकड्यांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यांचे नऊ पोटगट पाडले. प्रजाती मात्र ‘युका’ ही एकच ठेवली. पुढे २०१६ साली अनुवंशद्रव्याच्या तुलनेवरून अभ्यासकांनी असे प्रतिपादन केले की, हे सारे एका घरचे नव्हेत. त्यांतले काही तर वाळूवर धावणाऱ्या खेकड्यांना अधिक जवळचे आहेत. तेव्हा एका प्रजातीच्या अकरा प्रजाती झाल्या. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आढळणारी, मिल्न एडवर्ड्स या फ्रेंच पंडिताने १८३७ साली वर्णिलेली ‘ॲन्युलिपीस’ ही जात आता ‘ऑस्ट्रुका’ या प्रजातीत मोडते. आडनाव पालटले, नाव तेच राहिले.

नुसती आडनावेच बदलत असती तर सामान्य माणसाने तिकडे लक्ष देण्याचे कारण नव्हते. पण कधी कधी माणूसच दुसरा निघतो! मिल्न एडवर्ड्सने १८५२ साली ‘उर्व्हिली’ नावाची जात वर्णिली होती. तांबड्या समुद्रापासून भारत आणि अंदमानचा समुद्र येथपर्यंतचे खेकडे त्याच नावाखाली नोंदले जात होते. २०१८ साली तीन अभ्यासकांनी दाखवून दिले की, खरी ‘उर्व्हिली’ आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच सापडते. आपल्याकडची जात वेगळी आहे. कवचाचा पुढचा कोपरा आणि नराची ती पहिली जोडी यांत फरक आहे. अनुवंशद्रव्यही हीच साक्ष देते. दोघींची फारकत सुमारे २२ लाख वर्षांपूर्वी झाली असावी, असा त्यांचा अंदाज आहे. या नव्या जातीला त्यांनी ‘ट्युबुका अल्कॉकी’ हे नाव दिले. भारतातील खेकड्यांची शास्त्रशुद्ध मोजदाद करणारे, कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे एके काळचे अधीक्षक आल्फ्रेड अल्कॉक यांचा तो गौरव होय.

या गोष्टीतून आम्हांला जे महत्त्वाचे वाटते ते असे. फरक पूर्वीही होता. तो शोधण्यासाठी दोन्हीकडचे नमुने शेजारी ठेवून पाहणारा कोणीतरी हवा होता. आणि दोन जाती एका नावाखाली मोजल्या, तर त्यांतली एक नाहीशी झाली तरी यादीत ते नाव जसेच्या तसे राहते. आपल्या खाड्या भराव घालून बुजवल्या जात आहेत. तेथे काय राहत होते याची नोंद चुकीच्या नावाने झाली असेल, तर काय गमावले हेही आपल्याला कळणार नाही.

म्हणून खाडीकाठी खेकडा पाहिलाच, तर ठिकाण, तारीख, भरती-ओहोटीची वेळ, नर की मादी, कपाळ अरुंद की रुंद एवढे टिपून ठेवावे. जमल्यास समोरून छायाचित्र घ्यावे. आणि प्रजातीपर्यंतच ओळख पटली असेल, तर जातीची जागा कोरी सोडावी. चुकीच्या नावापेक्षा कोरी जागा बरी. ती पुढच्या अभ्यासकाला भरता येते.