फाळक्यांनी पाहिलेला येशू

मुलांनो, दादर स्टेशनजवळच्या दादासाहेब फाळके रस्त्यावरून तुम्ही कितीदा गेला असाल! या फाळक्यांना सिनेमाचं वेड लागलं ते गिरगावात. 1911 च्या सुमारास अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. मग पत्नी सरस्वतीबाईंनाही नेऊन दाखवला. पडद्यावर येशू, पण फाळक्यांच्या मनात राम-कृष्ण!

वर्गात हे सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, येशू बघून कृष्ण कसा आठवेल?"

नाताळची गोष्ट आठवा बरं. आपल्या चाळीत दहा पाहुणे आले तरी मावतात. पण त्या रात्री बेथलेहेमात एका बाळंतिणीला जागा मिळाली नाही. बाळाला निजवलं गव्हाणीत. कृष्ण तर तुरुंगातच जन्मला. तिकडे हेरोद राजा, इकडे कंस; दोघेही तान्ह्या बाळांच्या जिवावर उठलेले. एका बाळाला रातोरात इजिप्तला नेलं, दुसऱ्याला गोकुळात. ज्याला कुठे थारा नाही त्याच्या घरी देव येतो, हे फाळक्यांना परकं कसं वाटावं?

1913 मध्ये त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, 1918 मध्ये 'श्रीकृष्ण जन्म'. आणि 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण कोण झालं होतं, ठाऊक आहे? त्यांची लेक मंदाकिनी!