सोपाऱ्यापासून मच्छीमार नगरापर्यंत

चैत्रात एकवीरेच्या जत्रेला मुंबईच्या कोळीवाड्यांतून माणसे कार्ल्याचा डोंगर चढतात. देवीचे देऊळ तिथल्या महाचैत्याच्या अगदी तोंडाशी आहे. ओटी भरून मागे वळले की समोर तो भव्य चैत्य. आत एका खांबावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या धर्मपाठकाचे दान कोरलेले आहे. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा, तेव्हाचे मोठे बंदर. बुद्धाची शिकवण कोळ्यांना परकी आहे असे कुणी म्हणाले की मला हा खांब आठवतो.

याच सोपाऱ्याच्या पूर्णाची कथा प्रत्येक मुंबईकराला ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते. दिव्यावदानातला पूर्ण हा समुद्रावर सफरी करणारा व्यापारी. पुढे तो भिक्खू झाला आणि त्याने सुनापरांतात, म्हणजे अभ्यासकांच्या मते आपल्या कोकणपट्टीत, जायचे ठरवले. मज्झिमनिकायातल्या पुण्णोवाद सुत्तात बुद्ध त्याला बजावतो की तिथली माणसे तापट आहेत. त्यांनी शिव्या दिल्या तर? हात उगारला नाही हा त्यांचा चांगुलपणाच, असे मी समजेन, असे पूर्ण सांगतो. हातांनी मारले तर? ढेकळे फेकली नाहीत हे चांगले. मग काठी, मग शस्त्र, आणि शेवटी जीवच घेतला तर, इथपर्यंत प्रश्न जातात. पूर्णाचा तोल ढळत नाही. तेव्हा बुद्ध त्याला जाण्याची मुभा देतो आणि पहिल्याच वर्षावासात पूर्णाला शेकडो उपासक-उपासिका मिळतात. तो शांती शोधायला रानात गेला नाही, तापट माणसांच्या वस्तीत गेला. ध्यानाची कसोटी तिथेच लागते. सोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उकरला. त्यातले अवशेष टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून टाउन हॉल तसा जवळच.

हा तोल यायचा कसा? त्याची रीत मराठीत लिहून ठेवली ती धर्मानंद कोसंबींनी. गोव्यातल्या सांखवाळच्या या तरुणाला बुद्धाची ओढ लागली ती ‘बालबोध’ मासिकातल्या एका लेखाने. सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश पालथा घालून ते परतले, १९२५ मध्ये त्यांचे ‘समाधिमार्ग’ हे पुस्तक आले आणि १९३७ मध्ये त्यांनी परळच्या कामगार वस्तीत बहुजनविहार उभारला. गिरण्यांच्या भोंग्यांमध्ये विहार, ही निवड मला फार मोलाची वाटते.

विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथात मैत्रीभावनेचा क्रम ठरलेला आहे. आधी स्वतःचे कल्याण चिंतायचे. मग एखाद्या आदरणीय व्यक्तीचे, मग जिवलगाचे, मग ज्याच्याशी ना प्रेम ना वैर अशा माणसाचे, आणि सर्वांत शेवटी वैऱ्याचे. पायरी गाळायची नाही. वैऱ्यापाशी मन अडले तर पुन्हा मागच्या पायरीवर यायचे. मैत्री आणि तिच्या सोबतच्या भावनांचे जवळचे शत्रूही सांगितले आहेत: मैत्रीच्या वेषात आसक्ती येते, करुणेच्या वेषात शोक, उपेक्षेच्या, म्हणजे समभावाच्या, वेषात बेफिकिरी. शेवटचा धोका आपल्या शहराला सर्वांत जास्त. शेजारी कुणी रडत असताना आपण ‘शांत’ राहिलो, तर ती शांती नव्हे.

वैऱ्याची पायरी मच्छीमार नगराला कुणी समजावून सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा हल्लेखोर रबरी होडीतून बधवार पार्कजवळच्या याच मच्छीमार वस्तीत उतरले. अशा माणसांसाठी मैत्री? मैत्रीभावना न्यायाला आड येत नाही, गुन्हा माफ करायलाही सांगत नाही. द्वेषाने आपलेच घर जाळू नये एवढेच ती पाहते.

याच शहरात बाबासाहेबांनी २४ मे १९५६ रोजी परळच्या नरे पार्कवर, बुद्धजयंतीच्या सभेत, ऑक्टोबरमध्ये धम्म स्वीकारणार असल्याचे जाहीर केले. त्यांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात करुणा माणसांपुरती आणि मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी आहे. जुलै १९६९ मध्ये सत्यनारायण गोएंकांचे भारतातले पहिले विपश्यना शिबिर मुंबईतल्याच एका धर्मशाळेत भरले. पुढे इगतपुरीचे धम्मगिरी, गोराईचा पॅगोडा. शिबिराला फी नाही, हे थोर आहे. पण दहा दिवस मौनात बसायला दहा दिवसांची सवड लागते. सरकारी नोकराला त्यासाठी रजा मिळते. पहाटे ससून डॉकवर जाऊन दुपारपर्यंत मासळीची पाटी विकणाऱ्या बाईला ती कोण देणार?

मासेमारी करणाऱ्याने अहिंसेच्या वाटेवर यावे तरी कसे, हा प्रश्न टाळून चालणार नाही. शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे बुद्धाचे वचन आहेच. पण वरळीला फुजी गुरुजींचे जे जपानी बुद्धमंदिर आहे, त्या परंपरेचे मूळपुरुष निचिरेन जपानच्या एका मासेमार किनाऱ्यावर जन्मले. दार बंद नाही. विणीच्या काळात जाळे न टाकणे, पिल्ले येणार नाहीत अशा आसाचे जाळे वापरणे, ही करुणेची सुरुवातच आहे.

म्हणून विनंती आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या दिवसांत होड्या किनाऱ्याला असतात. मच्छीमार नगरातल्या एखाद्या मंडळाने आठवड्यातली एक संध्याकाळ मैत्रीभावनेला द्यावी, बायकांच्या सोयीची वेळ धरून. कफ परेडच्या टोलेजंग इमारतींतल्यांनीही खाली उतरून त्याच सतरंजीवर बसावे. कोसंबींना जाऊन १९४७ पासून इतकी वर्षे लोटली की ‘समाधिमार्ग’ आता स्वामित्वहक्कातून मोकळे आहे. त्यातला मैत्रीभावनेचा भाग मोठ्या टायपात छापून घरोघर वाटायला कुणाचीही परवानगी लागत नाही.