काजळी, चिखल आणि जवसाचे तेल

गोव्यात दाबोळीच्या विमानतळाजवळ, बोगमाळोच्या वाटेवर, भारतीय नौदलाचे जे वैमानिकी संग्रहालय १९९८ पासून उभे आहे, त्याच्या उघड्या प्रांगणात एका ओल्या आषाढात छत्री सावरीत उभा असताना, प्रतिकृती रंगविण्याच्या माझ्या अनेक वर्षांच्या व्यासंगात कोणत्याही पुस्तकाने न शिकविलेली एक गोष्ट मला एका निवृत्त विमानाच्या अंगावरील ओघळांनी शिकविली. समुद्राची खारी हवा आणि कोकणपट्टीचा पाऊस यांनी मिळून त्या विमानाच्या कुशीवर हिरवट-काळे पट्टे ओढले होते, आणि ते सारे पट्टे, जुन्या वाड्याच्या भिंतीवर पन्हळीखाली उमटतात तसे, सरळ जमिनीच्या रोखाने उतरले होते. घरी माझ्या मेजावर अर्धवट रंगवून ठेवलेल्या विमानाचे ओघळही नेमके असेच उतरलेले होते. म्हणजे इतका खटाटोप करून मी उडते विमान न रंगविता पेन्शनीत निघालेले विमान रंगवून बसलो होतो. तळावर उभे असता इंजिनातून ठिबकणारे तेल खाली येते हे खरे. परंतु तेच विमान आकाशात चढले की ताशी दोनशे-तीनशे मैलांचा वारा त्या थेंबाला फरफटत पुच्छाकडे नेतो, आणि म्हणून इमारतीचे वार्धक्य जेथे उभ्या रेषेत लिहिले जाते तेथे विमानाचे कर्तृत्व आडव्या रेषेत लिहिले जाते.

वापराच्या आणि ऋतूंच्या या खुणा प्रतिकृतीवर रंगाने उमटविण्याच्या कलेस आमच्या मंडळींत 'वेदरिंग' असेच म्हणतात. मी एकदा 'ऋतुलेप' असा प्रतिशब्द योजून पाहिला, पण तो माझ्याखेरीज कोणीही उच्चारला नाही, तेव्हा आता मीही त्याचा आग्रह सोडला आहे. या कलेविषयी अनभिज्ञांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, आणि तो माझ्या मावशीने फार स्पष्ट शब्दांत विचारला होता : "अरे, इतकं सुरेख विमान केलंस, आणि आता त्याला चिखल कशाला फासतोस?" मावशीला त्या वेळी उत्तर देता आले नाही. आज द्यावयाचे तर मी म्हणेन की कारखान्याच्या दारातून निघालेली एका नमुन्याची सर्व विमाने सारखीच असतात. पुढे त्यांतील प्रत्येकाचा जो निराळा रोजनामा होतो तो धूर, धूळ, बुटांचे घासणे आणि डागडुजी यांच्या अक्षरांत त्याच्या कातडीवरच नोंदला जातो, आणि तो रोजनामा वाचून त्याची नक्कल उतरविणे एवढेच आम्हांस करावयाचे असते.

ही नक्कल उतरविण्यास तैलरंगाइतके सोयीचे साधन दुसरे नाही, आणि त्याचे कारण त्या रंगाच्या आळसात आहे. पाण्याचे रंग पाणी उडून गेले की वाळतात. तैलरंगातील तेल मात्र उडून जात नाही. जवसाचे, म्हणजे अळशीचे जे तेल रंगद्रव्यांबरोबर खलतात (त्याच जवसाची चटणी आपल्याकडे भाकरीबरोबर खातात), ते हवेतील प्राणवायू शोषून घेते, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात, आणि द्रवाचे रूपांतर हळूहळू एका चिवट पापुद्र्यात होते. वाळताना पदार्थ हलका व्हावा ही आपली समजूत. जवसाचे तेल वाळू लागते तेव्हा प्रथम त्याचे वजन वाढते. या रासायनिक क्रियेला दिवसच्या दिवस लागत असल्यामुळे सकाळी लावलेला ठिपका संध्याकाळी पसरता, पुसता, किंवा सर्वस्वी रद्द करता येतो. सोळाव्या शतकातील इटालियन चरित्रकार वाझारी याने तैलरंगाच्या शोधाचे श्रेय यान व्हान आइक या फ्लेमिश चित्रकारास देऊन टाकले, आणि ती कथा शाळकरी पुस्तकांत पुष्कळ वर्षे नांदली. वास्तविक अफगाणिस्तानात बामियानच्या गुंफांतील, सातव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराच्या बौद्ध भित्तिचित्रांत वाळणाऱ्या तेलाचा वापर झाल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले आहे. बुद्धाच्या वस्त्राची चुणी ज्या जातीच्या रंगाने साधली, त्याच जातीच्या रंगाने मी प्लॅस्टिकच्या विमानावर काजळी साधतो, याची मला कधी कधी लाज वाटते आणि कधी कधी मौज वाटते.

कृती सांगण्यास सोपी आहे. विमानाचा मूळ रंग अ‍ॅक्रिलिकचा असावा, त्यावर चकचकीत वार्निशाचा एक हात असावा, आणि तो पुरता वाळलेला असावा. नळीतला तैलरंग प्रथम पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून काही तास, हवे तर रात्रभर, ठेवावा, म्हणजे त्यातील जादा तेल पुठ्ठा पिऊन घेतो आणि रंगाला नको असलेली चकाकी राहत नाही. मग टोकदार कुंचल्याने पांढरा, यलो ऑकर, बर्न्ट अंबर, पेन्स ग्रे अशा रंगांचे खसखशीएवढे ठिपके एकेका पत्र्यावर टिपावेत आणि व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून जवळजवळ कोरड्या पुसलेल्या रुंद कुंचल्याने ते वाऱ्याच्या दिशेने ओढीत जावे, की ठिपके नाहीसे होऊन मागे केवळ रंगाची एक शंका उरते. पत्र्यांच्या सांध्यांत पातळ केलेला गडद रंग सोडण्याच्या क्रियेस 'वॉश' म्हणतात. केशाकर्षणाने तो सांध्यातून आपोआप धावत जातो, आणि नवशिक्याला जो आनंद तेथे होतो तो पुढे फारसा वाट्यास येत नाही. मूळ रंग एनॅमलचा असेल तर मात्र व्हाइट स्पिरिट तोही विरघळविते. हे ज्ञान मला एका रविवारी दोन महिन्यांच्या श्रमांवर उदक सोडून प्राप्त झाले. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये, हेही येथेच सांगून ठेवतो. वाळताना निर्माण होणारी उष्णता त्या बोळ्यात कोंडते आणि चिंध्या आपण होऊन पेट घेऊ शकतात.

हात तयार झाला म्हणजे मात्र खरा प्रश्न उभा राहतो, की काय रंगवावे; आणि तो तंत्राचा नसून इतिहासाचा प्रश्न आहे. गेले वर्षभर माझ्यासमोर १:४८ प्रमाणाचे एक हॉकर हरिकेन आहे. खऱ्या हरिकेनच्या पंखांचा विस्तार ४० फूट, तेव्हा या प्रमाणात तो बरोबर १० इंच भरतो, आणि हा हिशेब सदैव मनात बाळगावा लागतो. कारण रंग उडाल्याचे दाखविण्यासाठी काढलेला अर्ध्या मिलिमीटरचा टवका खऱ्या विमानावर जवळजवळ एका इंचाचा होतो, आणि उत्साहाच्या भरात असे पन्नास टवके काढणाऱ्याने विमानावर गारपीट झाल्याचा दाखलाच दिलेला असतो. मला जे हरिकेन करावयाचे आहे ते भारतीय वायुदलाच्या पहिल्या स्क्वाड्रनचे. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीस चार वापिती विमानांनिशी उभी राहिलेली आणि १९४१ साली मुंबईकरांच्या युद्धनिधीतून लायसँडर विमाने भेट मिळालेली ही तुकडी फेब्रुवारी १९४४ मध्ये अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली इंफाळला गेली, जपानी वेढ्याच्या काळात टेहळणीचे काम करीत राहिली, आणि सुमारे चौदा महिने त्या खोऱ्यात राहिली. अर्जनसिंगांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला तो तेथेच.

या विमानाच्या अंगावर काय काय लिहिलेले असावे? प्रथम सरकारी हुकूम. जपानी विमानावरील लाल सूर्याशी घोटाळा होऊ नये म्हणून आग्नेय आशियातील ब्रिटिश व भारतीय विमानांच्या वर्तुळचिन्हांतून लाल रंग काढून टाकण्यात आला. पुढे पांढराही डोळ्यांत भरतो असे ठरून त्यात निळा मिसळण्यात आला आणि दोन निळ्यांचे चिन्ह रूढ झाले. आणि मग १९४४ च्या प्रारंभी, आपली विमाने आपल्याच लोकांना ओळखता यावीत म्हणून, त्याच विमानांच्या पंखांवर व पुच्छावर रुंद पांढरे पट्टे मारण्याचे फर्मान सुटले. कचेऱ्यांच्या या तर्कशास्त्रावर भाष्य करण्याचे हे स्थळ नव्हे. रंगविणाऱ्याला त्यातून मिळतो तो कालक्रम : खाली उन्हाने विटलेला तपकिरी-हिरवा मूळ रंग, त्यावर मागाहून दुरुस्त केलेल्या चिन्हाचा किंचित ताजा निळा, आणि सर्वांवर कुंचल्याने घाईत मारलेला पांढरा पट्टा. म्हणजे जी धूळ मूळ रंगात मुरलेली आहे ती पट्ट्यावर त्याच प्रमाणात दिसता कामा नये. उत्खननात जसे थर असतात तसे येथेही आहेत, आणि सर्व थरांवर एकच मळकट हात फिरविणारा मनुष्य अडीच-तीन वर्षांचा इतिहास एका दुपारी सपाट करून टाकतो.

दुसरे, विमानाची काया. हरिकेनचे पंख धातूच्या पत्र्याचे, परंतु वैमानिकाच्या पाठीमागची धड-बाजू लाकडी पट्ट्यांवर ताणून डोप चढविलेल्या कापडाची. पत्र्यावरचा रंग घासून ॲल्युमिनियमची रुपेरी झाक दिसू शकेल. कापडावर ती दाखविणे म्हणजे धोतराला गंज चढविण्यासारखे आहे. गंजाचेच म्हणाल तर ॲल्युमिनियम गंजून तांबडे होत नाही, तरी रणगाड्यांवरून शिकलेले तांबूस ओघळ कित्येक चांगले कारागीर विमानाच्या पंखांवर सोडतात. वैमानिक हरिकेनवर डाव्या बाजूने चढतो. पंखामागे त्यासाठी एक रिकीब आहे, आणि म्हणून पंखाच्या बुंध्याशी डावीकडचा रंग उजवीपेक्षा अधिक झिजलेला असावा. हत्यारे भरणारे मात्र दोन्ही पंखांवर चढत. अशा एका बुटाच्या जागी मी बर्न्ट अंबरचा ठिपका तीन वेळा लावला आणि तीन वेळा पुसला. तैलरंगाच्या आळसाचा उपयोग तो हाच.

धुराची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. मर्लिन इंजिनाच्या दोन्ही कुशींतील धुराड्यांमागे आपण सवयीने काळा पट्टा ओढतो. परंतु त्या काळच्या वैमानिकी पेट्रोलात ऑक्टेन वाढविण्यासाठी शिसे घातलेले असे, आणि मिश्रण विरळ ठेवून विमान दीर्घकाळ एका गतीने उडत राहिले की जळलेल्या शिशाचा फिका, राखी-तपकिरी थर मागे जमतो; मिश्रण दाट असेल, उड्डाणाच्या किंवा झुंजीच्या वेळी असते तसे, तर काजळी धरते. तेव्हा टेहळणीसाठी डोंगरांवर तासन्‌तास घिरट्या घालणाऱ्या विमानाच्या कुशीवर काळ्याच्या मध्यातून राखी जीभ निघालेली असावी, असा माझा तर्क आहे, आणि पांढऱ्यात चिमूटभर रॉ अंबर मिसळून मी ती काढली. केवळ काळा पट्टा ओढला तर विमान धूर सोडते एवढेच कळते. ते कोणते काम करून परतले हे कळत नाही.

आणि चिखल. मावशीचा प्रश्न शेवटी येथे येऊन ठेपतो. इंफाळच्या खोऱ्यात अनेक धावपट्ट्या होत्या, पण बारमाही म्हणता येतील अशा दोनच, इंफाळची मुख्य आणि पालेलची. बाकीच्या पावसाळ्यात भरवशाच्या नव्हत्या. फेब्रुवारीचे विमान पांढुरक्या धुळीचे असेल, जुलैचे विमान चिखलाचे. चाकांनी उडविलेला तो चिखल पंखांच्या खालच्या अंगास व फ्लॅपवर बसेल, आणि पाठीवरचा भाग मात्र पावसाने धुऊन उलट स्वच्छ असेल. यास्तव एकाच प्रतिकृतीवर पाठीवर धूळ आणि पोटावर ओला चिखल रंगविणाऱ्यास मी प्रथम महिना विचारतो.

छायाचित्रे पाहून हे सारे ठरवावे, असे कोणी म्हणेल, आणि लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहातील छायाचित्रे मीही भिंगाखाली धरली आहेत. परंतु कृष्णधवल छायाचित्र हा साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याची दृष्टी अधू आहे. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल-पिवळे काळसर आणि निळे फिके दिसते. त्यामुळे वर्तुळचिन्हाभोवतीचे पिवळे कडे तेथे काळवंडते, आणि असे चित्र पाहून कडेच नव्हते असा निर्णय देणारे विद्वान होऊन गेले आहेत. पालमच्या वायुसेना संग्रहालयात एक हरिकेन आहे, पण नव्याने रंगविलेल्या विमानाची साक्ष आकारापुरतीच घ्यावी.

अलीकडे या कलेत अतिशयोक्तीचा रोग फैलावला आहे, आणि तो कोठून आला हे सांगता येते. बेल्जियमचा फ्रांस्वा व्हर्लिंडेन आणि अमेरिकेतील शेप पेन यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात वॉश आणि कोरड्या कुंचल्याच्या रीती लोकप्रिय केल्या. पुढे स्पेनमधील कारागिरांनी तैलरंगाचे ठिपके, छटांचे पडदे आणि बहुरंगी धूळ यांचे एक संपूर्ण शास्त्र रचले. हे सारे प्रामुख्याने रणगाड्यांसाठी होते. रणगाडा चिखलात लोळतो, त्याच्या पोलादाला गंज चढतो. विमानाला मात्र यांत्रिक लोक रोज पुसतात, कारण मळ साचला तर त्याचा वेग कमी होतो आणि तेलाच्या गळतीची जागा दिसत नाही. प्रत्येक सांध्यात काळी रेघ भरून विमानाचा पतंग करणाऱ्या आधुनिक पद्धतीपेक्षा मला म्हणूनच जुन्या मंडळींची संकोची रीत अधिक प्रामाणिक वाटते. मात्र त्यांतील काहींची विमाने इतकी निर्मळ असत की ती कधी उडाली असतील यावरच शंका यावी.

माझ्या हरिकेनचा महिना अद्याप ठरलेला नाही. पाठ धुतलेली, कूस राखी, डाव्या पंखाचा बुंधा झिजलेला, पांढरे पट्टे जरा जास्तच पांढरे, आणि पोट कोरे. गेला आठवडाभर जवसाचे तेल आपल्या गतीने प्राणवायू घेत आहे, आणि तोवर रस्त्यावरची खरी धूळ ओल्या रंगावर बसू नये म्हणून सारे विमान मावशीच्या जुन्या पितळी परातीखाली झाकून ठेवले आहे.