पांढऱ्या उजेडातले रंग

मुलांनो, जुन्या मशिदीत, दर्ग्यात किंवा एखाद्या वाड्यात टांगलेले काचेचे झुंबर तुम्ही पाहिले असेल. त्याला लटकणाऱ्या काचेच्या तुकड्यांना लोलक म्हणतात. कोवळे ऊन लोलकावर पडले की समोरच्या भिंतीवर रंगीत पट्टे उमटतात. लोलकाला स्वतःचा रंग नसतो आणि ऊनही पांढरे असते. मग हे रंग येतात कोठून?

शाळेच्या प्रयोगशाळेतही लोलक असतो. ती तिरप्या बाजूंची त्रिकोणी जाड काच असते. उर्दूत तिला मनशूर म्हणतात. मराठीत प्रिझम हा शब्दही चालतो.

पूर्वी लोकांना वाटे, पांढरा प्रकाश मुळात शुद्ध असतो आणि काच त्याला रंगवते. काचेच्या पातळ भागातून गेलेला प्रकाश थोडा मळतो, म्हणून तांबडा दिसतो. जाड भागातून गेलेला जास्त मळतो, म्हणून जांभळा दिसतो, असे काही विद्वान सांगत. ऐकायला हे पटण्यासारखे होते. पण ते खरे आहे का, हे तपासायचे कसे?

1666 साली इंग्लंडमधील आयझॅक न्यूटन या तेवीस वर्षांच्या तरुणाने ते तपासायला सुरुवात केली. त्याने खोलीत अंधार केला. खिडकीच्या झडपेला एक लहान भोक पाडले. त्यातून येणाऱ्या उन्हाच्या झोतासमोर लोलक धरला. बावीस फुटांवरच्या भिंतीवर रंग उमटले. रंग पाहून त्याला आनंद झाला, पण लगेच एक गोष्ट खटकली. सूर्य गोल, झडपेचे भोकही गोल. मग भिंतीवरचा ठिपका गोल का नाही? तो रुंदीच्या पाचपट लांब होता. त्याच्या एका टोकाला तांबडा रंग होता आणि दुसऱ्या टोकाला जांभळा.

मग न्यूटनने आणखी एक लोलक घेतला. भोक पाडलेल्या फळ्या मध्ये ठेवून त्याने बाकीचे रंग अडवले आणि एकच रंग दुसऱ्या लोलकावर पडू दिला. तुम्हीच विचार करा. काच जर प्रकाशाला रंगवत असेल, तर दुसऱ्या काचेने त्याला पुन्हा रंगवायला हवे. पण तसे झाले नाही! तांबडा प्रकाश तांबडाच राहिला, निळा निळाच राहिला. पहिल्या लोलकात तांबडा सर्वांत कमी वळला होता, दुसऱ्यातही तो कमीच वळला. निळा दोन्ही वेळा जास्त वळला. पुढे त्याने पसरलेले सगळे रंग भिंगाने एका जागी गोळा केले, तेव्हा पुन्हा पांढरा उजेड मिळाला.

याचा अर्थ, रंग पांढऱ्या उजेडातच होते. लोलकाने ते फक्त वेगळे केले. 1672 साली न्यूटनने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले, तेव्हा रॉबर्ट हूकसारख्या नामवंत शास्त्रज्ञालाही ते पटले नाही. वाद बराच काळ चालला.

आता रंग कमीजास्त का वळतात, ते पाहू. कवायतीच्या वेळी मुलांची एक रांग हातात हात धरून चालली आहे आणि ती तिरकी वाळूत शिरते, असे समजा. ज्या टोकाची मुले आधी वाळूत जातील त्यांची चाल मंदावेल. दुसरे टोक पहिल्याच वेगाने पुढे येईल. त्यामुळे सगळी रांग वळेल. प्रकाशाचेही असेच होते. हवेत तो सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर जातो. साध्या काचेत तांबड्या प्रकाशाचा वेग सुमारे 1 लाख 98 हजार किलोमीटर होतो, तर जांभळ्याचा सुमारे 1 लाख 96 हजार. जांभळा जास्त मंदावतो, म्हणून जास्त वळतो. फरक थोडासाच आहे, पण भिंतीपर्यंत पोहोचेतो रंग एकमेकांपासून दूर होतात.

खिडकीच्या काचेतून असे रंग दिसत नाहीत. तिच्या दोन्ही बाजू समांतर असतात. आत शिरताना प्रकाश जितका वळतो, तितकाच बाहेर पडताना उलट वळतो. लोलकाच्या बाजू तिरप्या असल्यामुळे तो दुसऱ्यांदाही त्याच दिशेला वळतो.

न्यूटनने या पट्ट्यात सात रंग मोजले : तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा आणि जांभळा. खरे सांगायचे तर यातला पारवा वेगळा ओळखणे कठीणच जाते. रंग एकमेकांत इतके मिसळलेले असतात की त्यांच्यात रेघ मारता येत नाही.

इंद्रधनुष्य, म्हणजे तुमची धनक, हासुद्धा याच वळण्याचा खेळ आहे. न्यूटनच्या साडेतीनशे वर्षे आधी इराणमधील कमालुद्दीन अल-फारिसी या विद्वानाने इब्न अल-हैसमच्या प्रकाशावरील ग्रंथाचा अभ्यास केला होता. पावसाचा थेंब हातात धरता येत नाही, म्हणून त्याने काचेचा गोल पाण्याने भरला आणि त्यालाच मोठा थेंब मानले. किरण थेंबात शिरताना वळतो, आतून परत फिरतो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो, हे त्याने दाखवून दिले. रंगांचे बरोबर उत्तर मात्र न्यूटनच्या लोलकाने दिले.

लोलक नसला तरी तुम्हाला रंग पाहता येतील. परातीत पाणी भरून ती उन्हात ठेवा. पाण्यात एक लहान आरसा तिरपा उभा करा आणि त्यावरून परतणारा उजेड सावलीतल्या भिंतीवर पाडा. आरशात सूर्याकडे मात्र पाहू नका, डोळ्यांना इजा होईल. आरसा आणि पाण्याचा पृष्ठभाग यांच्यामध्ये पाण्याचाच लोलक तयार होतो. भिंतीवर रंग दिसले की बोटाने पाणी हळूच हलवा. रंग एकमेकांत मिसळून पांढरा उजेड नाचू लागेल. पाणी शांत झाले की रंग पुन्हा आपापल्या जागी दिसतील.