पाच वर्षांची तात्पुरती सोय

१३ सप्टेंबर १९९३ रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफत यांनी हस्तांदोलन केले. त्या वेळी झालेल्या ओस्लो कराराने पॅलेस्टिनींना राष्ट्र दिले नव्हते. ५ वर्षांपुरती स्वशासनाची सोय तेवढी केली होती. जेरुसलेम, निर्वासित, इस्रायली वसाहती, सीमा हे खरे अवघड प्रश्न पुढे ढकलले गेले.

१९९५ च्या दुसऱ्या कराराने पश्चिम किनाऱ्याचे (वेस्ट बँक) तीन भाग पाडले. रामल्ला, नाब्लुससारखी शहरे ‘अ’ भागात; तिथे कारभार आणि पोलिस दोन्ही स्वशासन चालवणाऱ्या पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे. ‘ब’मध्ये कारभार त्यांचा, पण सुरक्षेत अखेरचा शब्द इस्रायलचा. ‘क’ पूर्ण इस्रायली ताब्यात. हा ‘क’ म्हणजे सुमारे ६० टक्के जमीन, आणि जवळपास सगळ्या वसाहती त्यातच. तिथे पॅलेस्टिनी शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीवर गोठा बांधायलाही इस्रायली परवाना लागतो. तो क्वचितच मिळतो.

या दुसऱ्या करारानंतर सव्वा महिन्यात राबिन यांची हत्या झाली. मारेकरी इस्रायलीच होता. स्वशासन सुरू झाल्यापासूनची पाच वर्षांची मुदत मे १९९९ मध्ये संपली. कॅम्प डेव्हिड (२०००) आणि ताबा (२००१) येथील वाटाघाटी, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री केरी यांची शिष्टाई (२०१३-१४), सारे निष्फळ. ओस्लोच्या वेळी पूर्व जेरुसलेम वगळून पश्चिम किनाऱ्यावर सुमारे १ लाख इस्रायली राहत. आता ही संख्या ५ लाखांच्या घरात आहे.