चालण्याचा पोशाख

आठवीच्या वर्गात इतिहास शिकवताना आम्ही मुलींना सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचे एक इंग्रजी चित्र दाखवले. अंगात पांढरा झगा, डोक्यावर फितीने बांधलेली टोपी, खांद्यावर शाल, हातात नाजूक छत्री. चित्राखाली लिहिले होते, ‘चालण्याचा पोशाख’. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “चालायलासुद्धा वेगळे कपडे?” सगळा वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातल्या सधन घरची स्त्री दिवसातून अनेकदा कपडे बदलत असे. घरात वावरायचा पोशाख निराळा, गाडीत बसायचा निराळा, रात्रीच्या मेजवानीचा निराळा आणि पायी फिरायचा निराळा. लंडनमध्ये रुडॉल्फ अकरमन यांचे एक मासिक १८०९ ते १८२८ पर्यंत निघत होते. त्यात पोशाखांची हाताने रंगवलेली चित्रे येत. सुरुवातीच्या काही अंकांत तर खऱ्या कापडाचे तुकडेही चिकटवलेले असत.

या पोशाखाची कंबर छातीच्या अगदी खाली असे. मागे लोळणारा घोळ फिरण्याच्या झग्याला नको होता, म्हणून तो घोट्यापर्यंतच ठेवत. थंडी असेल तर वरून ‘स्पेन्सर’ नावाचे आखूड जाकीट किंवा ‘पेलिस’ हा लांब कोट. पायांत घोट्यापर्यंतचे बूट.

त्याआधीच्या घेरदार घागऱ्यांच्या आत स्त्रिया कमरेला कापडी खिसे बांधत. नवा झगा इतका तलम आणि अंगासरशी होता की आत बांधलेला खिसा बाहेरून दिसू लागला. मग अनेकींनी खिसा सोडून ‘रेटिक्यूल’ ही छोटी पिशवी हातात घेतली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. फॅशन आली आणि हात मात्र अडकले!

आणि रस्ते? पावसात गुडघाभर चिखल. कष्टकरी बाया लाकडी तळाला लोखंडी कडी ठोकलेल्या खडावांसारख्या पादुका बुटांवर चढवून खडखडत चालत. पांढऱ्या झग्यातल्या बाईला मात्र चिखल टाळूनच चालावे लागे. कपडा पांढरा राहिला याचा अर्थच असा, की या बाईला कष्ट करावे लागत नाहीत. लंडनमध्ये प्रतिष्ठित घरची तरुण मुलगी सहसा एकटी फिरत नसे. सोबत मोलकरीण, नोकर किंवा नातलग असे. जेन ऑस्टिन यांच्या १८१३ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीत नायिका आजारी बहिणीला भेटायला तीन मैल चिखल तुडवत एकटी जाते. त्या घरच्या स्त्रियांना बहिणीची माया दिसत नाही, तिच्या कपड्यांना लागलेला चिखल दिसतो. ही नजर फक्त इंग्लंडातच होती असे आम्हाला वाटत नाही.

आता कापडाकडे वळू. तो झगा ‘मस्लिन’चा, म्हणजे आपल्या मलमलीचा. सर्वांत नावाजलेली मलमल ढाक्याची. मेघना नदीच्या काठी पिकणाऱ्या ‘फुटी कार्पास’ या कापसापासून तिचे सूत निघे. कोरड्या हवेत ते तुटते, म्हणून स्त्रिया सकाळ-संध्याकाळच्या दमट हवेत ते कातत. विणकरांमध्ये मुसलमान जुलाहे मोठ्या संख्येने होते. ईस्ट इंडिया कंपनीचे गुमास्ते आगाऊ रक्कम देऊन त्यांना बांधून घेत आणि कमी भावात माल उचलत. तिकडे १७७९ साली सॅम्युअल क्रॉम्प्टन यांनी सूत कातण्याचे नवे यंत्र केले आणि इंग्लंडातच स्वस्त मलमल तयार होऊ लागली. त्या गिरण्यांना लागणारा कापूस पुढे अमेरिकेतल्या गुलामांच्या श्रमातून येऊ लागला. ढाक्याचा धंदा मात्र बसत गेला. त्याच मलमलीचा फुलांच्या नक्षीचा प्रकार म्हणजे जामदानी. ती कला टिकून आहे आणि २०१३ साली युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

खांद्यावरची शालही आपल्याच बाजूची, काश्मीरची. ‘शाल’ हा फारसी शब्द आपल्याकडे रुळला, तसाच इंग्रजीतही गेला. एकेक शाल विणायला कारागिरांना महिनोन्‌महिने लागत. स्कॉटलंडच्या पेस्ली गावात तिच्या नकला निघू लागल्या आणि तिच्यावरच्या नक्षीला जगाने ‘पेस्ली’ हे नाव दिले. आपण तिला कुयरी म्हणतो. ती मुलींच्या ओढणीवर आजही आहे.

त्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले : चालायला वेगळे कपडे लागत नाहीत. पण कपडे कसे शिवायचे हे ठरवताना, ती बाई किती आणि कुठवर चालेल हेही कुणीतरी ठरवत असते.

वाचक भगिनींनो, एक साधी विनंती. मुलीचा कुर्ता शिवायला टाकाल तेव्हा शिंप्याला खिसा लावायला सांगा. बूट घेताना ती त्यात भरभर चालू शकते का, हे दुकानातच चालून पाहू द्या. आणि ओढणीवरच्या कुयरीकडे बोट दाखवून, ती कुठून कुठे गेली ही हकीकतही तिला जरूर सांगा.