शिंपल्यातला चुना

मोती म्हणजे रासायनिक भाषेत चुनखडीच! आपल्या हॉस्टेलच्या हीटरच्या रॉडवर जो पांढरा थर बसतो, तोही प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटच. फरक एवढाच, की रॉडवर तो कसाही साचतो आणि शिंपल्यात सुमारे अर्धा मायक्रॉन जाडीच्या अ‍ॅरॅगोनाइटच्या चकत्या विटांसारख्या रचल्या जातात, मध्ये प्रथिनांचा गिलावा. वजनात जवळपास 95 टक्के चुना. सिव्हिलवाल्यांनी हेवा करावा असं हे बांधकाम!

गावाकडे हल्ली शेततळ्यात शिंपले सोडणारे भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "चुना किती टाकायचा?" उत्तर वाटतं तेवढं सरळ नाही, म्हणून हा लेख.

पाण्यातलं कॅल्शियम कल्ले आणि प्रावार (शिंपल्याच्या आतलं मऊ अस्तर) यांच्या पेशींतून आत जातं. पेशीबाहेर ते आतल्यापेक्षा हजारो पट जास्त असतं, म्हणजे आत शिरायला उतारच आहे. फक्त दार उघडं हवं. हे दार म्हणजे पेशीपटलातले कॅल्शियम चॅनल. लॅन्थॅनमचे आयन टाकले की ती बंद होतात, प्रयोगशाळेत ही युक्ती नेहमी वापरतात. खरी मेहनत पुढे आहे. मोकळं कॅल्शियम आत साठलं तर पेशी मरते. म्हणून ते प्रथिनांनी धरून ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूने पंपाने बाहेर फेकायचं. पंपाला लागतं एटीपी, एटीपीला ऑक्सिजन आणि पोटात शेवाळ. म्हणजे उपाशी, गुदमरलेल्या शिंपल्याला कितीही कॅल्शियम द्या, उपयोग शून्य.

आता पीएच. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट मिळून चुना बनतो तेव्हा हायड्रोजन आयन सुटतो. तो हटवला नाही तर काम थांबतं. बायकार्बोनेट पुरवायला कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज हे विकर असतं. 1996 साली जपानी संशोधकांना मोत्याच्या थरातच नॅक्रीन नावाचं प्रथिन सापडलं, त्यात या विकराचा भाग आहे. पाण्यात ऑक्सिजन घटला की शिंपला तोंड मिटून बसतो, अंगात आम्ल साचतं, आणि ते मारायला स्वतःचंच कवच विरघळवतो. मेसच्या जेवणानंतर आपण अँटासिडची गोळी घेतो ना, तसंच!

मग कळीचा चुना भरमसाट टाकला तर? पीएच एकदम चढतो, कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतं, आणि त्याच पाण्यातल्या अमोनियाचं विष वाढतं. साधारण 7 ते 8 पीएच आणि खेळती हवा, हे आधी सांभाळावं असं माझं मत.

तापमानाची गंमत वेगळी. उन्हाळ्यात पेशी झपाट्याने कॅल्शियम घेतात, थर भराभर चढतात. थंडीत सगळं मंदावतं, पण चकत्या पातळ, एकसारख्या बसतात आणि चमक वाढते. जपानात अकोया मोती हिवाळ्यात काढतात ते याचसाठी.